दुभंगलेला ओठ आणि मुलाचे मन

मूल जन्मले म्हणजे घरातील थोरामोठ्यांची दृष्टी प्रथम त्याच्या मुखाकडे जाते. नाक आजोबांचे की डोळे आईचे, याची चर्चा पाळण्याभोवती रंगते. परंतु ज्या मुलाचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला असतो, त्याच्या पाळण्याभोवती ही चर्चा होत नाही. तेथे शांतता पसरते. मूल पदराआड झाकले जाते, बारसे चारचौघांत न करता उरकून घेतले जाते आणि दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारला जातो : असे कोणामुळे झाले?

जगभरात साधारणपणे दर सातशे जन्मांमागे एका मुलाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेली असतात. ओठ जुळविण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही; सुश्रुतसंहितेत कर्णसंधान व नासासंधान यांच्याबरोबर ओष्ठसंधानाचाही उल्लेख आहे. आजचे शल्यचिकित्सक हे काम अत्यंत कौशल्याने करतात. तथापि ओठ शिवला म्हणजे सर्व काही संपले, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती अपुरी आहे. मुलाला आपल्या चेहऱ्याचा अर्थ शस्त्रक्रियागृहात कळत नाही. तो त्याला घरात, वाटेवर आणि वर्गात कळतो. त्या ठिकाणी काय घडावे आणि काय घडू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फाटलेला नव्हे, जुळायचा राहिलेला

बोलीभाषेत या ओठाला ‘फाटका ओठ’ म्हणतात. फाटणे म्हटले की फाडणारा कोणीतरी असावा असे मन आपोआप मानते, आणि बऱ्याच दुःखाचे मूळ या शब्दातच आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. गर्भाचा चेहरा दोन्ही बाजूंनी व मध्यभागातून वाढत आलेल्या भागांच्या जुळणीने घडतो. ओठाची जुळणी गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास होते, टाळूची सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास. ही जुळणी अपुरी राहिली म्हणजे तेथे फट राहते. म्हणजेच काही फाटलेले नसते. जुळावयाचे ते जुळलेले नसते.

असे का होते याचे एकच कारण सांगता येत नाही. काही घराण्यांत आनुवंशिकतेचा भाग असतो. गर्भारपणातील तंबाखूचे सेवन, आधीपासून असलेला मधुमेह, फेपऱ्यावरील काही औषधे यांमुळे शक्यता वाढते. (फेपऱ्याची औषधे डॉक्टरांना विचारल्यावाचून मात्र कधीही बंद करू नयेत.) पुष्कळ मुलांच्या बाबतीत बोट ठेवता येईल असे कोणतेही कारण सापडत नाही.

ग्रहणाची समजूत आणि मातेवरील आरोप

ग्रहणकाळात गर्भवतीने विळी किंवा सुरी हाती घेतली, काही चिरले वा शिवले, म्हणजे मुलाचा ओठ फाटतो, ही समजूत आपल्याकडे खेड्यापाड्यांत व शहरांतही आढळते. गंमत अशी की सातासमुद्रापलीकडील मेक्सिको देशातही ग्रहणाचा आणि दुभंगलेल्या ओठाचा असाच संबंध जोडला जातो. मानवाने आकाशातील ‘कुरतडलेला’ चंद्र पाहिला आणि बालकाच्या ओठाशी त्याचे साम्य जोडले, इतकाच याचा अर्थ.

ही समजूत तपासून पाहणे कठीण नाही. पहिली गोष्ट, ग्रहण एका स्त्रीपुरते नसते. ते विस्तीर्ण प्रदेशातील सर्व गर्भवतींना एकाच वेळी लागते. ग्रहण हेच कारण असते, तर काही महिन्यांनी त्या प्रदेशात अशा मुलांची लाट यावयास हवी होती. तशी ती येत नाही. दुसरी गोष्ट, ओठाची जुळणी सातव्या आठवड्यापर्यंत होऊन जाते. पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्री पटते न पटते तोच हा काळ संपलेला असतो. पाचव्या किंवा सातव्या महिन्यातील ग्रहणात भाजी चिरली म्हणून आधीच घडून गेलेला ओठ बदलत नाही.

हे विवेचन केवळ अंधश्रद्धानिर्मूलनासाठी नाही. आपल्या हातून अपराध घडला असे जिच्या मनात भरविले जाते, ती माता मुलाच्या चेहऱ्याकडे पाहणे टाळू लागते. दूध पाजणे, बोलणे, हसणे हे सारे ती करते, पण ओशाळेपणाने करते. तान्हे मूल आईच्या मुखावरूनच जगाची ओळख करून घेते. म्हणून मुलाला मानसिक आधार देण्याचे पहिले कार्य म्हणजे मातेला दोषमुक्त करणे होय. सासूबाईंनी सर्वांसमक्ष उच्चारलेले “सूनबाई, यात तुझा काही दोष नाही” हे एक वाक्य कोणत्याही औषधाइतके मोलाचे ठरते. पित्यानेही मूल स्वतः उचलून घ्यावे, पाहुण्यांना दाखवावे, त्याचे बारसे इतर मुलांप्रमाणेच करावे.

पहिले काही दिवस

भुकेले मूल आणि घाबरलेली आई यांच्यापुढे कोरडा धीर व्यर्थ आहे. आधी मूल पोटभर दूध पिऊ लागले पाहिजे. केवळ ओठ दुभंगलेला असेल तर बहुतेक मुले थोड्या साहाय्याने अंगावर पिऊ शकतात. टाळू दुभंगलेली असेल तर तोंडात ओढ निर्माण होत नाही, मूल दमते, दूध नाकावाटे येते. हे पाहून आई भेदरते आणि मूल जगणारच नाही असे शेजारीपाजारी बोलू लागतात.

अशा वेळी आईचे काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने, किंवा पूर्वी घरोघरी असे त्या बोंडल्याने, थोडेथोडे पाजावे. मुलाला आडवे न ठेवता जवळजवळ उभे धरावे व मधूनमधून ढेकर काढावी. वजन नियमित पाहावे. परिचारिकेने किंवा अंगणवाडी सेविकेने ही कृती एकदा सांगून निघून जाऊ नये. आईकडून आपल्यासमोर करवून घ्यावी. मुलाचे वजन वाढू लागले म्हणजे आईचा आत्मविश्वासही वाढू लागतो.

शस्त्रक्रियांचा दीर्घ प्रवास

ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळूची सुमारे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. हिरडीतील फट भरण्यासाठी हाड बसविण्याची शस्त्रक्रिया आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास होते. दात सरळ करणे, नाकाचा आकार सुधारणे, क्वचित जबड्याची शस्त्रक्रिया ही कामे पुढे तारुण्यापर्यंत चालतात. सर्वच मुलांना हे सर्व लागते असे नाही; पण एका शस्त्रक्रियेने काम संपेल असे सांगून कुटुंबाला अंधारात ठेवू नये. पुढील खेपेस त्यांचा धीर अधिकच खचतो.

शस्त्रक्रियेनंतर काही मातांना एक विचित्र अनुभव येतो. ज्या रुंद हास्याची सवय झाली होती ते हरपल्याने त्यांना क्षणभर चुकल्यासारखे वाटते, आणि असे वाटल्याबद्दल पुन्हा अपराधी वाटते. हे स्वाभाविक आहे; मूल होते तसे आपलेसे केले होते याचीच ती खूण आहे, असे त्यांना सांगावे.

मूल मोठे झाल्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियेत मुलाला विचारात घ्यावे. “बाजारात जाऊ” असे सांगून त्याला रुग्णालयात नेऊ नये. कोठे जावयाचे, किती दिवस राहावयाचे, कोठे दुखेल, सोबत कोण असेल, हे साध्या शब्दांत सांगावे. फसविलेले मूल वेदना विसरते, फसवणूक विसरत नाही.

वाराणसी येथील शस्त्रक्रियेने मिर्झापूर जिल्ह्यातील पिंकी या बालिकेच्या आयुष्यात झालेला बदल ‘स्माइल पिंकी’ या २००८ सालच्या माहितीपटामुळे जगाला कळला. २००९ साली या माहितीपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला आणि २०१३ साली विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात नाणेफेक करण्याचा मान पिंकीला मिळाला. त्या माहितीपटामुळे शस्त्रक्रियेविषयीची भीती पुष्कळ कमी झाली. मात्र ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन छायाचित्रांमध्ये जे मावत नाही, ते शाळेत व समाजात घालवावयाची वर्षे होत.

वर्णमालेतील पाचवा वर्ण

शिक्षकांनी या मुलांचे बोलणे समजून घेण्यासाठी आपल्या वर्णमालेकडेच पाहावे. क, च, ट, त, प या पाचही वर्गांतील पहिले चार वर्ण उच्चारताना मऊ टाळू वर उचलली जाते, नाकाचा मार्ग बंद होतो आणि तोंडात हवेचा दाब निर्माण होतो. पाचवा वर्ण, म्हणजे ङ, ञ, ण, न, म, उच्चारताना तो मार्ग उघडा असतो. म्हणून त्यांस अनुनासिक म्हणतात. ज्या मुलाची टाळू जुळलेली नाही, किंवा जुळवूनही आखूड पडते, त्याला नाकाचा मार्ग नीट बंद करता येत नाही. त्याच्या वाट्याला जणू वर्णमालेचा शेवटचा स्तंभच सुलभ म्हणून उरतो. ते ‘बाबा’ म्हणावयास जाते आणि ऐकणाऱ्यास ‘मामा’ ऐकू येते. ‘दादा’चे ‘नाना’ होते. घरातील माणसे हसतात. मूल दोनतीनदा प्रयत्न करते आणि मग हाक मारणेच सोडून देते.

यात बुद्धीचा काहीही दोष नाही. गेंगाणे बोलणारे मूल मंदबुद्धी असते हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. जीभ जड आहे म्हणून तिच्याखालचा पडदा कापून घेणे, किंवा फुगे फुगवीत बसविणे, यांनी हा दोष जात नाही. वाचा-उपचार तज्ज्ञांकडून योग्य स्थानी योग्य ध्वनी काढण्याचा सराव करून घ्यावा लागतो आणि आवश्यक तेथे टाळूवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्याआड द्रव साचून ऐकू कमी येण्याचाही संभव असतो. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी त्याची श्रवण-तपासणी करवून घ्यावी व तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवावे.

वर्गातील हजेरी

अशी एक हजेरी कल्पून पाहावी. गुरुजी नाव पुकारतात. इतर मुले “हजर” म्हणतात. एक मुलगा नुसता हात वर करतो. गुरुजींना तो उद्धटपणा वाटतो. “तोंड नाही का?” असे ते विचारतात आणि सारा वर्ग हसतो. गुरुजींच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु त्या दिवसापासून वर्गाला हसण्याची परवानगी मिळालेली असते. पुढे ‘गेंगाण्या’ हे नाव पडते, मधल्या सुटीत तो मुलगा डबा भिंतीकडे तोंड करून खातो आणि चौथी-पाचवीत पोटदुखीच्या निमित्ताने शाळा बुडू लागते. मग शाळा सुटलेल्या मुलांच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘अभ्यासात गोडी नाही’ असे कारण नोंदविले जाते.

हीच हजेरी निराळ्या रीतीने घेता येते. नवा वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांना व मुलाला भेटावे आणि वर्गाला काय सांगितलेले त्याला चालेल ते विचारावे. त्याच्या संमतीवाचून त्याला उभे करून त्याच्या ओठाची माहिती वर्गाला देऊ नये. ती दयाही एक प्रकारची शिक्षाच असते. मोठ्याने वाचण्याची पाळी त्याच्यावरून वगळू नये. आरंभी लहान उतारा द्यावा, आदल्या दिवशी सांगून तयारी करू द्यावी, आणि बोलणे पुरे होईपर्यंत थांबावे. उच्चारावरून गुण कापू नयेत. टोपणनाव कानी पडताच ते तेथल्या तेथे थांबवावे. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ अन्वये बालकाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे, याचेही स्मरण असावे.

अष्टावक्र मुनी जनकराजाच्या सभेत आले तेव्हा त्यांच्या वाकड्या अंगाला सभा हसली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या हसण्याने सभेचीच परीक्षा झाली. मूल्यशिक्षणाच्या तासाला ही कथा सांगावी. मात्र सांगताना कोणत्याही एका विद्यार्थ्याकडे पाहू नये.

उत्तर देण्याची कला

आधाराचा अर्थ मुलाला सर्व प्रश्नांपासून लपविणे असा नव्हे. बाजारात, जत्रेत, बसमध्ये कोणीतरी विचारणारच. त्या वेळी काय म्हणावयाचे हे मुलाला आधीच ठाऊक असले म्हणजे त्याची मान खाली जात नाही. ब्रिटनमध्ये जेम्स पार्ट्रिज हे गृहस्थ १९७० साली वयाच्या अठराव्या वर्षी मोटारीच्या आगीत होरपळले. चेहऱ्यावरील व्रणांसह जगताना आलेल्या अनुभवातून त्यांनी १९९२ साली ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था स्थापन केली. तिने शिकविलेली रीत तीन पायऱ्यांची आहे : थोडक्यात सांगावे, समोरच्याला निश्चिंत करावे आणि विषय बदलावा. आपल्याकडील मूल असे म्हणू शकेल : “जन्मलो तेव्हा माझा ओठ जुळला नव्हता. डॉक्टरांनी जुळवला. आता दुखत नाही. तू कोणत्या शाळेत आहेस?” हे वाक्य घरी आईवडिलांनी खेळाखेळात बसवून घ्यावे. पालक स्वतः जर असे सहज उत्तर देत असतील तर मूल ते न शिकविताही उचलते.

अभ्यासकांना आढळलेली एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. असे जन्मलेल्या बहुसंख्य व्यक्ती गंभीर मानसिक व्याधींवाचून आपले आयुष्य उत्तम रीतीने जगतात. फट मोठी म्हणून दुःख मोठे आणि फट लहान म्हणून दुःख लहान, असाही नियम नाही. स्वतःचा चेहरा स्वतःला कसा वाटतो, चिडवणूक किती सोसावी लागली आणि पाठीशी कोण होते, यांवर पुष्कळ अवलंबून असते. यांतील शेवटच्या दोन गोष्टी सर्वस्वी समाजाच्या हाती आहेत.

तारुण्याच्या उंबरठ्यावर

तेराव्या-चौदाव्या वर्षी आरसा निराळा दिसू लागतो. लहानपणी हसतमुख असलेले मूल या वयात एकाएकी अबोल होते, फोटो काढू देत नाही, हाताने ओठ झाकते. “इतकी वर्षे काही नव्हते, आता काय झाले?” असे विचारण्याऐवजी त्याचे ऐकून घ्यावे. खेळ, तबला, चित्रकला, शिवणकाम असे काहीतरी, जेथे ओळख चेहऱ्याने नव्हे तर कौशल्याने होते, ते त्याच्या हाती द्यावे.

विवाहाच्या वेळी, विशेषतः मुलींच्या बाबतीत, हा विषय पुन्हा निघतो. व्रण लपवून स्थळ पाहण्यापेक्षा सत्य सांगणे श्रेयस्कर. ‘पुढच्या पिढीत येईल’ ही भीतीही मापाने घ्यावी. केवळ ओठ वा टाळूचा दोष असून त्याबरोबर अन्य आजार नसेल, तर आईवडिलांपैकी एकास हा दोष असताना मुलात तो येण्याची शक्यता साधारणपणे शंभरात तीन ते पाच इतकी असते. म्हणजे शंभरातील पंच्याण्णव किंवा त्याहून अधिक मुलांत तो नसतो. निश्चित माहितीसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शाळेस वा कामास जाण्याचे पूर्ण बंद होणे, कोणासमोरही न जेवणे, झोप उडणे, जगणे नको अशी भाषा येणे, ही चिन्हे दिसल्यास वाट पाहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य बोलता येते.

शासकीय यंत्रणेचे कर्तव्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अभिप्रेत असून ठरवून दिलेल्या विकारांत दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय शाळांत एकदा तपासणी व्हावी आणि पुढील उपचार, आवश्यक ती शस्त्रक्रिया धरून, विनामूल्य मिळावेत अशी योजना आहे. गावच्या सेविकेने अशा मुलाची नोंद करून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे आणि ते तेथे पोहोचले की नाही हे पाहणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पुष्कळदा पहिले होते आणि दुसरे राहते. बसभाडे, बुडणारी मजुरी, घरी मागे राहिलेली दुसरी मुले, हे अडसर विचारून घेतल्यावाचून कळत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९९८ सालच्या एका शासकीय अहवालात असे आढळले, की हे उपचार सत्तावन्न केंद्रांत विखुरल्यामुळे परिणाम समाधानकारक नव्हते. त्यानंतर मोजकी मोठी केंद्रे करण्यात आली आणि शल्यचिकित्सक, दंतवैद्य, वाचा-उपचार तज्ज्ञ यांच्या पथकात मानसशास्त्रज्ञालाही स्थान मिळाले. मुलाचे मन हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व यातून घेण्यासारखे आहे. प्रत्येक तालुक्याला मानसशास्त्रज्ञ लाभेपर्यंत परिचारिका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनीच ते काम यथाशक्ति करावयाचे आहे. शस्त्रक्रिया झालेली एखादी मोठी मुलगी किंवा तिची आई नव्या मातेला भेटावयास आली, तर त्या भेटीने जे साधते ते व्याख्यानाने साधत नाही. अशी भेट घडवून आणण्यास खर्चही येत नाही.

सारांश

ओठ फाटलेला नसतो. जुळायचा राहिलेला असतो. त्यात मातेचा, ग्रहणाचा वा पूर्वजन्मीच्या पापाचा संबंध नाही. शल्यचिकित्सक ओठ व टाळू जुळवितात. घर, शाळा आणि गाव यांनी त्या मुलाला आपल्यात जुळवून घ्यावयाचे असते. त्यासाठी मोठे साहस लागत नाही. पाळण्यावरचा पदर दूर करावा, हजेरीच्या वेळी थोडे थांबावे आणि मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी.

शिक्षक सभेत व महिला मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात अशा मुलाला कोणत्या नावाने हाक मारली जाते? ती प्रथा कोणी व कशी थांबवावी?

२. ग्रहणाविषयीची समजूत घरातील वृद्धांचा अवमान न करता कशी दूर करता येईल?

३. गेल्या तीन वर्षांत शाळा सोडलेल्या मुलांत बोलण्याच्या किंवा चेहऱ्याच्या दोषामुळे शाळा सुटलेले कोणी आहे काय? असल्यास त्याच्या घरी कोणी जावे आणि केव्हा जावे?